तिसरी हाक

बार्शीत राहून भगवंताचं नाव न घेणं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहणं. गावचा देवच भगवंत. त्याच्या नावाची रसवंती, त्याच्या नावाचं मेडिकल, त्याच्या नावाचं मंगल कार्यालय; रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तरी सुरुवात भगवंतापासूनच. वैजयंता काशीद लग्न होऊन या गावात आली आणि पहिल्या दिवसापासून तिची पंचाईत झाली, कारण नवऱ्याचं नावही भगवंतच. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हे तिच्या माहेरचं वळण. मग देवळाला ती 'मोठं देऊळ' म्हणू लागली, देवाला 'आपला देव' आणि नवऱ्याला 'अहो'. काळ कुठल्या कुठे गेला. तिच्या बरोबरीच्या बायका नवऱ्यांना भर चौकात अरेतुरे करू लागल्या. जावा तिला चिडवायच्या. ती म्हणायची, माझं तोंडच वळत नाही त्याला मी काय करू?

भगवंत काशीदला गाव ढगवाला म्हणायचं. त्याच्याकडे एका इंजिनाचं, चार माणसांचं जुनं विमान होतं. पाऊस पाडायचे प्रयोग आता दर उन्हाळ्यात व्हायचे आणि त्यांच्यासाठी ढगाचं तापमान आणि त्यातले थेंब मोजून आणायला कुणीतरी ढगात शिरावं लागायचं. ते काम भगवंत करायचा. त्यासाठी पंधरा-सोळा हजार फुटांवर जावं लागे, कधी त्याहून वर.

वर हवा विरळ होते हे शाळेत शिकवतात. हवेतला प्राणवायूचा वाटा तोच राहतो, पण हवाच पातळ झाल्यावर वाटा तोच राहून काय उपयोग? ताकात पाणी घातलं की वाटी तेवढीच भरते, तसं ते. मोठ्या विमानात हवा दाबून भरलेली असते. लहान विमानात ती सोय नाही, म्हणून बारा-तेरा हजारांच्या वर वैमानिकानं सिलिंडरची नळी नाकाला लावायची असते. आता यात खरी मेख अशी की नळी निसटली तर माणसाला कळत नाही. आपल्याला जी घुसमट जाणवते ती प्राणवायू कमी पडल्याची नसते, अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. विरळ हवेत तो उच्छ्वासातून नीट बाहेर पडतच राहतो. त्यामुळे घुसमट नाही, दुखणं नाही. उलट मजा वाटते. नखं निळी पडतात आणि माणूस गाणी म्हणतो. मेंदूतला जो भाग 'आपलं काही चुकतंय का' हे बघतो, तोच सगळ्यात आधी विझतो. मग दिवे लागू देत, घंटा वाजू देत, माणूस बघून हसतो आणि तसाच उडत राहतो.

कितीतरी चांगले वैमानिक असे हसत हसत गेले. मग कुठल्याशा प्रयोगशाळेत कमी दाबाच्या खोलीत माणसं बसवून बघताना एक गोष्ट लक्षात आली. घंटेला दाद न देणारा माणूस घरच्या माणसाच्या आवाजाला दाद देतो. ओळखीच्या आवाजाचा कप्पा शेवटपर्यंत जागा असतो. त्यावरून एक छोटी पेटी निघाली. तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं, लोक तिला 'हाक' म्हणत. कानाच्या पाळीला एक चिमटा लावायचा, तो रक्तातला प्राणवायू मोजतो. तो ठरावीक आकड्याखाली गेला की पहिली हाक, आणखी उतरला की दुसरी आणि माणूस हातचा जायची वेळ आली की तिसरी. यंत्रानं बनवलेले आवाज आधी वापरून पाहिले होते. आवाज हुबेहूब असायचा, पण त्यातली काळजी खोटी असायची आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसालाही ती कळायची. म्हणून जिवंत माणसाकडूनच बोलून घ्यायचं असा नियम झाला. आणखी दोन नियम होते. वैमानिकानं त्या हाका आधी ऐकायच्या नाहीत, कारण सवयीनं धार जाते. आणि तिसऱ्या हाकेत त्याचं नाव आलंच पाहिजे, कारण स्वतःच्या नावाइतकं माणसाला काहीच जागं करत नाही.

पेटी बसवायला कंपनीचे परांडकर आले होते. त्यांनी भगवंतला अंगणात पाठवलं आणि दार लावून घेतलं. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. मग परांडकरही बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनींनी मलाच बाहेर काढलं. तिसरी हाक एकटीच बोलते म्हणाल्या." वैजयंता आली तेव्हा लग्नातल्यासारखी लाल झाली होती. भगवंतनं विचारलं, घेतलंस का नाव? तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ते काय सांगायचं असतं होय? ती ऐकायची वेळच तुमच्यावर येऊ नये."

यावर तो हसला होता. पुढे कितीतरी दिवस जेवताना तो तिला चिडवायचा की आता मुद्दाम नळी काढून बघतो. ती नुसती डोळे मोठे करायची.

वैजयंता गेली न्यूमोनियानं. दवाखान्यात आधी तिच्या नाकाला नळी लागली, मग तोंडावर मास्क आणि मग घशात जाड नळी. जन्मभर नळी लावायला तिनं त्याला सांगायचं, आणि शेवटी तोच तिच्या उशाशी बसून नळी सरळ करत राहिला. घशात नळी असलेलं माणूस बोलत नाही. त्यांची मुलगी तेजल नाशिकला भूलतज्ज्ञ होती, ती रजा टाकून आली होती. आकडे बघून तिला सगळं आधीच कळत होतं. वैजयंतानं दोन-तीनदा भगवंतकडे बघून ओठ हलवले. काय म्हणत होती ते कळायला काही मार्ग नव्हता.

ती गेल्यावर त्यानं फोनमधले तिचे निरोप ऐकून पाहिले. येताना कोथिंबीर आणा. गॅसवाला आला होता. ते सगळे त्या त्या दिवशीचे होते, ती कोथिंबीर कधीच संपली होती. व्हिडिओत ती नव्हतीच, कारण काढणारी तीच असायची.

मग एकदा ढगातल्या धक्क्यानं त्याची नळी खरोखरच निसटली. त्याला कळलं नाही. त्याला नुसतं छान वाटत होतं. आणि कानात, अगदी स्वयंपाकघरातून यावा तसा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का? नळी बघा जरा."

त्यानं नळी लावली. डोकं ताळ्यावर आलं तेव्हा तो रडत होता. हे फोनमधल्यासारखं नव्हतं. ती आत्ताचं बोलली होती, त्याच्याशी बोलली होती आणि तिला त्याची काळजी वाटली होती.

त्यानंतर तो हाकेसाठी नळी काढू लागला. वर जायचं, काम उरकायचं, नळी गळ्यात सोडायची आणि वाट बघायची. पहिल्या दोन हाकांची बातमी पेटी कुणाला देत नसे, त्यामुळे चोरी पचत होती. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण खाली आल्यावर घरात जो शुकशुकाट असायचा त्यापुढे कळणं टिकायचं नाही. दोन वेळा तो दुसऱ्या हाकेपर्यंत गेला. "अहो, तुम्हाला सांगतेय ना! आधी नळी लावा." तिचा तो रागावलेला आवाज ऐकून तो चार दिवस खुशीत होता.

तिसरीपर्यंत जायची मात्र छाती झाली नाही. तिथून परत येता येईल याची खात्री कुणीच देत नव्हतं. नव्या विमानांसारखं त्याचं विमान आपणहून खाली येणारं नव्हतं, हात त्यालाच हलवावा लागणार होता. पण संध्याकाळी गच्चीवर बसला की त्याच्या मनात तेच यायचं. सगळ्या जन्मात जे नाव तिनं घेतलं नाही ते एकदाच घेतलंय, आणि ते वर तिथे पडून आहे, आणि आपण न ऐकताच मरणार.

वर्षश्राद्धाला तेजल येणार होती. तिला आणायला तो विमान घेऊन नाशिकला गेला. कुणी विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की त्याचा काही वावगा बेत नव्हता. आईविना वर्ष काढलेल्या पोरीला एकदा आईची हाक ऐकवायची, पहिलीच, आणि लगेच नळी लावायची. घरात एखादी गोष्ट एकट्यानं खाल्ल्याची बोच असते तशी त्याला बोच लागून राहिली होती.

उन्हाळ्याची धूळ खाली होती. वर गार आहे म्हणत त्यानं विमान चढवलं. अहिल्यानगर मागे पडलं तेव्हा ते सोळा हजारांवर होते, दोघांच्या नाकाला नळ्या, दोघांच्या कानावर हेडफोन. तेजल थकली होती, डोळे मिटून बसली होती. त्यानं तिला हलवलं.

"तुला काहीतरी ऐकवतो. घाबरायचं नाही. मी आहे की."

त्यानं नळी काढून गळ्यात सोडली. तेजलनं आधी नळीकडे पाहिलं, मग पेटीवरच्या प्राणवायूच्या आकड्याकडे. तो उतरायला लागला तशी ती सरळ झाली. पप्पा, हे काय करताय, असं ती म्हणत होती तेवढ्यात हाक आली. अहो, ऐकलंत का?

तेजलनं तोंडावर हात धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती हसत होती का रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. भगवंतला फार बरं वाटलं. आता नळी लावायची, हे त्याला आठवत होतं.

पण ज्यानं ते ठरवलं होतं तो नाशिकच्या धावपट्टीवरचा भगवंत होता, सोळा हजारांवर बसलेला नव्हे. या भगवंतला काहीच घाई दिसेना. उजवीकडे लांब उजनीचं पाणी चमकत होतं. एवढं पाणी त्यात याआधी कधीच नव्हतं. इंजिन सुरात लागलं होतं. पोरगी काहीतरी सांगत होती, तोंड हलत होतं, आणि लहानपणी दूध नको म्हणून असंच ओरडायची हे आठवून त्याला हसू आलं. त्यानं विमानाचं नाक आणखी वर केलं. मध्ये वैजयंता रागावली, तुम्हाला सांगतेय ना, आणि तो म्हणाला, सांग की, आणखी सांग. तेजलचा हात त्याच्या नाकाशी आला. तो हात त्यानं बाजूला केला. जोरात केला की हळू, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

त्यानंतर काहीच नाही.

मग पुन्हा इंजिनाचा आवाज ऐकू आला. विमान दहा हजारांवर होतं, धुळीच्या थरात शिरत होतं. नळी त्याच्या नाकाला होती. तोंडाला कोरड पडली होती, डोकं ठणकत होतं. पेटीवरचे दिवे विझले होते आणि एकच लाल उरला होता. तेजल दाराला टेकून त्याच्याकडे बघत होती. तिच्या मनगटावर वळ होता.

बार्शीपुढच्या माळावर त्यानं विमान उतरवलं. इंजिन थांबल्यावर त्यानं लाल दिव्याकडे बोट केलं.

"तिसरी झाली?"

"झाली."

"काय म्हणाली?"

तेजलनं पट्टा सोडला. तिचा आवाज दवाखान्यातला होता, सरळ.

"पप्पा, मी रोज टेबलावरच्या माणसाचा आकडा खाली जाऊ देत नाही. एवढंच माझं काम आहे. आज माझा बाप माझ्या शेजारी हसत हसत साठाच्या खाली गेला, आणि मी नळी लावायला गेले तर माझा हात पिरगाळला. ती काय म्हणाली ते मी सांगणार नाही."

त्याला ऐकलेलं एक अक्षर आठवत नव्हतं. त्या उंचीवर मेंदू नवीन काही साठवत नाही, हे विमान शिकायला येणाऱ्या कितीतरी पोरांना त्यानंच शिकवलं होतं. आपण जिच्यासाठी वर गेलो ती हाक आपल्या कानात शिरली, आपल्याला तिनं खाली आणलं आणि आपल्याकडे तिचं काहीच उरलं नाही, हे ध्यानात यायला त्याला थोडा वेळ लागला. मग विमानाच्या पंखाखाली उकिडवं बसून तो रडला. तेजल पाठमोरी उभी राहिली. तिला त्याची दया येत होती आणि दया येतेय याचाही राग येत होता.

श्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी परांडकर आले. तिसरी हाक वाजली की कंपनीला आपोआप कळतं. ते बिचारे भल्या मनानं आले होते. जुना सिलिंडर, जुनी नळी, धक्क्यानं निसटली असणार, असं त्यांनी स्वतःच सुचवलं. तसं असेल तर नवी नळी घ्यायची, वैद्यकीय तपासणी करायची आणि पुन्हा उडायचं. पेटी तीच राहील, आवाज तोच राहील. मुद्दाम काढली असेल तर मात्र परवाना जातो आणि आवाज पुसतात, कारण ज्या आवाजासाठी माणूस नळी काढतो तो आवाज त्याला वाचवणारा राहत नाही. एवढं बोलून ते थांबले, आणि उत्तर आपल्याला माहीतच असल्यासारखं म्हणाले, "मग, निसटलीच ना?"

तेजल दारात उभी होती. भगवंतला एवढंच कळत होतं की 'हो' म्हटलं तर पुढच्या आठवड्यात तो पुन्हा वर असेल, आणि पुन्हा अहो, ऐकलंत का, आणि एक दिवस पुन्हा तिसरी. या वेळी शेजारी कुणी नसेल. त्यानं पोरीच्या मनगटाकडे पाहिलं. वळ आता हिरवट झाला होता.

"काढली," तो म्हणाला. "मीच."

परांडकरांनी मान खाली घातली. माळावर जाऊन विमानातली पेटी सोडवायला त्यांना फार वेळ लागला नाही. जाताना भगवंतनं त्यांना विचारलंच, त्या दिवशी तुम्हाला बाहेरून काही ऐकू आलं होतं का? परांडकर नाही म्हणाले. हसू थांबल्यावर आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता, एवढं त्यांना आठवत होतं.

गाडी गेली आणि भगवंत घरी येऊन गच्चीवर गेला. दिवस मावळायला आला होता. मोठ्या देवळाचा कळस दिसत होता. मनातल्या मनात तोही वैजयंतासारखं 'मोठं देऊळ'च म्हणू लागला होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. विमान विकावं लागणार होतं. ते ठीक होतं. पण आता जगात कुठेच, कुठल्याच उंचीवर ती उरली नव्हती, आणि हे त्यानं स्वतःच्या तोंडानं केलं होतं. पाण्याच्या टाकीला टेकून तो बसून राहिला. सकाळी तेजल नाशिकला जाणार होती. त्याच्या मनात आलं, पोरगी सांगणार नाही तेच बरोबर आहे. आपण ते मागायचा हक्क गमावलाय.

खालून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. भांडी वाजली. जिन्याखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि काही क्षण तसंच थांबलं.

"भगवंत, ताट वाढलंय. खाली ये."

तो उठून उभाच राहिला. आवाज तेजलचा होता, वैजयंताच्या आवाजाची त्याला सर नव्हती, आणि बापाला नावानं हाक मारताना तो मध्येच चिरकला होता. तेजलनं जन्मात त्याला 'पप्पा' आणि 'तुम्ही' सोडून काही म्हटलं नव्हतं. पण शब्द कुणाचे ते त्याला सांगावं लागलं नाही. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत वैजयंताच्या एवढ्या एकाच बोलावण्याला त्यानं कधी उशीर केला नव्हता. छपरावर चढलेला असो, भांडण झालेलं असो, ताट वाढलंय म्हटलं की तो हातातलं टाकून यायचा, कारण वाढलेलं ताट वाट बघत ठेवू नये असं त्याच्या आईनं शिकवलं होतं. त्या बंद खोलीत वैजयंतापुढे एकच काम होतं: नवरा मरणाच्या दारात आहे, त्याला परत आण. तिनं तिच्या जन्माचं वळण मोडलं, त्याचं नाव घेतलं, त्याला अरे म्हणाली आणि जेवायला बोलावलं.

त्यानं गच्चीच्या कठड्याला धरलं. डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

"आलो," तो म्हणाला.

जिना उतरून तो आत आला तेव्हा दोन ताटं मांडलेली होती. तेजल त्याच्याकडे न बघता शेंगाची चटणी वाढत होती.

"वरही हेच म्हणालात," ती म्हणाली.

"काय?"

"आलो म्हणालात. तुमच्या हातानं नळी लावलीत आणि विमान खाली घेतलंत." तिनं चटणीचा चमचा खाली ठेवला. "बसा पप्पा. भाकरी गार होतेय."

तो बसला.